सुभेदारांचं रक्त

चौथीनंतर शाळा सुटली. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

माझे सासरे फौजेतून सुभेदार होऊन आले आणि त्यांना काही दुखत नाही. सुई न घेता दाढ काढली, तेव्हा दातांच्या डॉक्टरचेच हात कापत होते. अंगठ्यावर हातोडा बसला तर खिळ्यालाच विचारतात, "लागलं का रं?" घरात कुणी कण्हलं की बाहेरून हुकूम येतो, "फौजीच्या घरात आवाज न्हाई!" मला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही हाच हुकूम आला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. साताऱ्याहून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. ह्यांना कारखान्यातून रजा नाही, म्हणून मुक्कामाला मी. तीन दिवस बाकड्यावर बसून माझी कंबर धरली होती. पण सांगायचं कुणाला?

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "आजोबा, पाठीत एक बारीक नळी घालू. नंतरही तिच्यातून औषध चालू राहील, दुखणार नाही."

"ज्यास्नी दुखतंय त्यास्नी घाला. आमी सुभेदार हाय."

"तुम्ही नाही ओरडणार. पण शरीर ओरडतं, अगदी भुलीतसुद्धा. पोट कापलं की त्याला वाटतं हल्ला झाला. मग ते असले रस रक्तात सोडतं की काळीज धावायला लागतं, साखर चढते. तुम्हाला आधीच साखर आहे. जखम चिघळली तर? नळीतलं औषध दुखल्याची खबर बरीचशी पाठीतच अडवतं."

"म्हंजे मी तोंड दाबलं तरी रक्त चुगली करतंय?"

"करतं."

"कोर्ट मार्शल करतो त्याचं! नळी नको."

बाईंनी सहीचा कागद पुढे धरून ठेवला. मामंजींनी तो घेऊन मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "बायामाणसांचं पण असंच असतंय?"

"सगळ्यांचंच."

"आमच्या मंडळींचं पोट कापलं हुतं. तिलाबी साखर. मी उशाशी हुबा राहून म्हणलं, आवाज न्हाई. तिनं केला न्हाई. चार महिनं जखम वाहत हुती."

"तेवढ्यानंच झालं असं नाही, आजोबा."

त्यांनी सही केली आणि पाठ वाकवून बसले.

ऑपरेशननंतर सिस्टर बोटाला टोचून साखर बघायला आली की विचारायचे, "चुगली किती?"

"थोडीच, आजोबा."

टाके वेळेवर निघाले. एसटीने साताऱ्याला परत आलो तेव्हा मला उभं राहवत नव्हतं. सासूबाई भाकरी थापत होत्या. मामंजी चपला काढून थेट चुलीपाशी गेले.

"तुला कुटं दुखतंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात मामंजींच्या डोक्याला काही झालं का, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी मान खाली घातली. मामंजी तिथेच उभे. शेवटी सासूबाईंनी तवा उतरवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि पायाने पाट पुढे सरकवला.

"बसा मंग," त्या म्हणाल्या. "लय ठिकाणी दुखतंय."