हबीबभाई आणि चार सर्व्हर

हबीबभाईंना सरासरीचा राग होता. "ॲव्हरेज म्हंजे निव्वळ झूट हाय, सर," असं ते तोंडात चहाचा घोट असतानाही म्हणत.

लातुरातल्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते कॉम्प्युटर सांभाळत आणि मी जीवशास्त्राचे प्रश्न काढत असे. ऑनलाइन परीक्षेचा डेटाबेस चार सर्व्हर मिळून चालवत. हबीबभाई दर पाच मिनिटांनी चारही प्रोसेसरांवरचा लोड जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहीत आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करत. बस्स. दुसरीतल्या गणितासाठी पगार घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

हा रोग ते बाहेरही नेत. औशाच्या जीपमध्ये अनोळखी बाईला म्हणायचे, "मावशी, जरा तिकडं सरका, एकाच चाकावर वजन येऊन राहिलंय." लग्नात वाढप्याला अडवायचे, "ह्या टोकाला तिसऱ्यांदा वरण, त्या टोकाला मीठबी न्हाई?" त्यांच्या शेजारी जेवायला बसणं मी सोडून दिलं.

मग निवडक हुशार मुलांच्या स्टार बॅचमध्ये कोण राहणार आणि कोण नवं येणार, हे ठरवणारी परीक्षा आली. पहिल्या पेपरला साध्या बॅचच्या मुलांची उत्तरं जाईनात. मालक म्हणाले, "सरासरी लोड चाळीस टक्के हाय. नेट स्लो असंल."

हबीबभाईंनी कागद पुढं केला. एक सर्व्हर शंभरावर, तीन विसावर. मालकांच्याच हुकमानं तीन सर्व्हर स्टारच्या पन्नास मुलांना राखले होते आणि बाकीची चारशे एकावर कोंबली होती.

"स्टारला वेगळी मशीन, असं आपण बोर्डावर लिवलंय," मालक म्हणाले. "हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या पेपराआधी हबीबभाईंनी गुपचूप दोन्ही बॅचची मुलं चारही सर्व्हरांवर सारखी वाटून टाकली. पेपर सुरळीत झाला. संध्याकाळी नोकरी गेली.

"लोकांच्या पोरांसाठी कशाला हा उद्योग?" मी विचारलं.

ते डबा पिशवीत ठेवत होते. "भूकंपात भाकरीचे ट्रक आले, सर. समदे सडकेवरच्या गावात थांबले. कागदावर तालुक्याला भाकरी पुरल्या. आमचं गाव आत होतं. अम्मी दोन दिवस दगडावर बसून होती." पिशवी उचलून म्हणाले, "हितं तुम्ही एकलेच माझं ऐकून घेत होता."

हबीबभाई वारले, त्याला परवा चाळीस दिवस झाले. मुलं वाटून टाकल्याचं मालकांना मीच सांगितलं होतं.