खांबेट्याचे उन्हाळी टायर

खांबेटे आमच्याकडे आला, की बेल वाजवायच्या आधी ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसायचा. टायर किती झिजलाय ते खाचेत एक पेनीचं नाणं घालून बघायचा, रबरात अंगठ्याचं नख रुतवायचा, आणि मग नाक लावून चक्क वास घ्यायचा. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली, "तुमच्यात गाडीला नमस्कार करून मग घरात येतात वाटतं, किती छान!" सुमननं हो म्हणून टाकलं. खरं सांगायला बसली असती तर संध्याकाळ गेली असती.

आत आला की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी निकाल. "लिमये, तुझा डावा मागचा गेला." हे तो अशा आवाजात सांगायचा की मला क्षणभर सुतक आल्यासारखं वाटायचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला तेव्हा घरांपेक्षा शेतं जास्त होती आणि मराठी माणूस दिसला की लोक गाडी थांबवून आडनाव विचारायचे. खांबेटे एका प्लॅस्टिक कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होता. मूलबाळ नाही. घरात तो, मालतीवहिनी आणि टायर. बेसमेंटमध्ये लोक पिंगपाँगचं टेबल टाकतात, ह्यानं तिथे टायरांच्या चळती लावल्या होत्या. थंडीचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. आम्ही बाकीचे सगळे बारमाही टायरवाले, म्हणजे त्याच्या लेखी माणसातून उठलेले. "बारमाही म्हणजे काय रे? धड उन्हाळ्याचा नाही, धड थंडीचा नाही. अरे, गाडी चार तळहातांवर उभी असते! रस्त्याला टेकतं ते रबर एवढंच, तळहाताएवढं. पकड पाहिजे, पकड!"

उन्हाळी टायरांत त्याच्या नजरेत तीन स्थळं होती. एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक जर्मन. "फ्रेंच दिसायला यथातथा, पण पावसात शब्दाला जागणारा. इटालियन देखणा, पण पाणी दिसलं की ह्याचे पाय घसरले." जर्मनबद्दल बोलताना मात्र त्याचा आवाज खाली यायचा. मुलीचा बाप परगावच्या डॉक्टर मुलाबद्दल बोलतो ना, तसा.

तुलना करायची त्याची पद्धत म्हणजे आमचा छळ होता. रविवारी सकाळी एखाद्या बंद ऑफिसचा रिकामा पार्किंग लॉट गाठायचा, मला मागच्या सीटवर बसवायचं आणि मांडीवर ताकानं भरलेलं पातेलं द्यायचं. मग हा महाभाग वळणं घ्यायचा. "सांडलं?" "सांडलं!" "किती?" आता किती काय, माझी पँट पिळून दाखवू? एका उन्हाळ्यात माझ्या दोन चांगल्या पँटी ह्या शास्त्राला वाहिल्या गेल्या.

त्या वर्षी मात्र मला ह्यातलं काहीच सहन होईना. मालतीवहिनींचं दुखणं हिवाळ्यातच निघालं होतं, आणि उन्हाळा येईस्तोवर ते पाठीच्या हाडांत उतरलं होतं. हॉस्पिटलपर्यंत जायचं म्हटलं तरी त्या पदर दातांत धरून बसायच्या. वहिनी वेंगुर्ल्याच्या. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला एकदा समुद्रावर न्या. पाय भिजवून येऊ." जर्सीचा किनारा आमच्यापासून दीड तासाच्या आत. पण वहिनींना तो दीड तास सोसणार कसा?

खांबेट्यानं उत्तर काढलं. नवे टायर! आणि पुन्हा ताक, पुन्हा पार्किंग लॉट, पुन्हा फ्रेंच की जर्मन. जून गेला, जुलै गेला. वहिनी सोफ्यावरून हसून म्हणायच्या, "अहो, मला समुद्रावर न्या म्हटलं, शर्यतीला नाही." दर आठवड्याला त्या सोफ्यात जास्त खोल बुडलेल्या दिसायच्या.

एकदा माझं डोकंच फिरलं. "अरे, वहिनींकडे बघ! टायरकडे काय बघत बसलायस?"

तो चिडला नाही. हातातला पाना पुसत राहिला. "बघवत नाही रे," म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, तुम्ही करण्यासारखं काही उरलेलं नाही. मग मी काय करू? एवढं एक मला येतं, तेवढं तरी नीट करू दे."

पुढच्या रविवारी मी पुन्हा मांडीवर ताकाचं पातेलं घेऊन बसलो. दुसरं काय करणार?

ऑगस्टात शेवटी जर्मन बसले. खांबेट्यानं चाकांना हळद-कुंकू लावलं, लिंबं ठेवली, आणि एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. वहिनी पुढच्या सीटवर, सीटची पाठ मागे कलती करून. मागे मी आणि सुमन, आणि सुमनच्या मांडीवर दहीभाताचा डबा. गावातला डांबरी रस्ता होता तोवर ठीक चाललं. मग हायवे लागला, काँक्रीटचा.

काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. आमच्या मऊसूत बारमाही टायरांवर मला ते कधी कळलेसुद्धा नव्हते. त्या दिवशी प्रत्येक सांधा कळला. ठक्. ठक्. ठक्. कमावलेल्या अंगाच्या पैलवानासारखे कडक टायर ते, रस्त्याला घट्ट धरून होते आणि रस्त्यानं दिलेला प्रत्येक दणका इमानेइतबारे आत पोचवत होते. वहिनींनी दाराचं हँडल धरलं. बोटं पांढरी पडली. खांबेट्यानं वेग कमी केला, मागचे ट्रकवाले भोंगे मारायला लागले, तसा त्यानं अजून कमी केला. सुमन नुसती खिडकीबाहेर बघत होती.

पहिलं गॅस स्टेशन दिसलं तिथे त्यानं गाडी आत घेतली. उतरून चाकाशी बसला आणि हवा सोडायला लागला. चारही चाकांची सोडली. शेवटच्या चाकापाशी तो उठेचना, म्हणून मी खाली उतरलो.

"लिमये," तो वर न बघता म्हणाला, "मी चुकीचीच परीक्षा घेतली रे. सगळा उन्हाळा पकड बघत बसलो. वळणावर ताक सांडतं का, पावसात पाय घसरतो का. हिला पकड कशाला हवी होती? हिला गादी हवी होती. कुठल्याही दुकानातला साधा, ढिला, अमेरिकन टायर चालला असता. जूनमध्येच चालला असता. तेव्हा ती बसू शकत होती रे."

ह्या माणसाला मी इतकी वर्षं येता-जाता कोपरखळ्या मारत आलो होतो. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

काच खाली करून वहिनीच म्हणाल्या, "आता कसले फिरताय? चला पुढे."

गाडी सुरू झाली. हवा सोडून थोडा फरक पडला, फार नाही. मग मागून मला दिसलं, खांबेट्यानं उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि वहिनींची पाठ आणि सीट ह्यांच्या फटीत सरकवला. तळवा वर करून. सांधा आला की त्याचं मनगट खालच्या खाली दबायचं. किनाऱ्यापर्यंत त्यानं गाडी डाव्या हातानं चालवली.

गोळीच्या गुंगीनं असेल, नाहीतर त्या हातानं असेल, वहिनींना झोप लागली. समुद्रासमोर गाडी उभी राहिली तरी त्या झोपलेल्याच. "उठव रे," मी म्हणालो, "ह्यासाठी तर आलो." त्यानं मान हलवली. "किती दिवसांनी झोपलीय." हात काढला तर जाग येईल म्हणून त्यानं हातही काढला नाही. नुसती काच खाली केली. सुमन डबा उघडायचं विसरून डोळ्यांना पदर लावून बसली.

बऱ्याच वेळानं वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "भरती आहे का हो?"

समोर लांबवर ओली वाळू उघडी पडली होती. पाणी केव्हाच मागे गेलं होतं.

"हो," खांबेटे म्हणाला. "भरतीच आहे. अगदी चाकापर्यंत आलंय बघ पाणी. नीज तू."