दुरैच्या यंत्राची नवमी

"मांजराच्या घाणीला ह्या घरातल्या कोणा माणसाचा हात लागला, की त्याच दिवशी तें ओरत्तनाडूला!" असं सांगून जयलक्ष्मीबाई ओल्या केसांनी देवघरात निघून गेल्या. सीतारामराव मांडीवरच्या मांजराकडे बघत राहिले. मांजर भिंतीकडे बघत होतं.

मांजराचं नाव दुरै, म्हणजे साहेब. नाव त्याला शोभत होतं. मुलगी जननी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि जाताना त्याला आईबापांच्या पदरात टाकून गेली. आता तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत जयलक्ष्मीबाईंचं सोवळं प्रसिद्ध. त्या सोवळ्यात असताना पोस्टमनसुद्धा पत्र लांबून भिरकावत असे. ओरत्तनाडूला सीतारामरावांचा चुलतभाऊ वरुणराव, त्याचं भाताचं गोदाम आणि गोदामात उंदीर. तो केव्हापासून मांजराला टपलेला. सीतारामरावांना मात्र दुरै पोटावर नसेल तर दुपारची झोप लागत नसे. ही गोष्ट दुरै सोडून कोणाला माहीत नव्हती.

सीतारामराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कालव्यांची दारं निवडण्यात जन्म गेला. त्याच गांभीर्यानं ते आपोआप साफ होणारी मांजराची पेटी निवडायला बसले. एका यंत्रात फणी फिरे, पण ओला गोळा फणीला चिकटतो अशी जाणकार मांजरवाल्यांची तक्रार. दुसऱ्याचं तोंड इतकं अरुंद, की दुरै अर्धाच आत गेला असता, आणि नेमका नको तो अर्धा बाहेर राहिला असता. तिसरं आवाज करी. शेवटी त्यांनी गोल ड्रमचं यंत्र पसंत केलं. मांजर बाहेर आलं की ड्रम सावकाश फिरतो, वाळू चाळली जाते, घाण खालच्या कप्प्यात पडते आणि कप्प्यातली पिशवी आपलं तोंड आपण बांधते. मांजर आत असताना यंत्र हलत नाही. त्यासाठी वजन ओळखणारा सेन्सर.

"माणसाचा हात कोठें?" जयलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"कोठेंच नाही."

"बघतें," त्या म्हणाल्या आणि खरोखर स्टूल घेऊन बघत बसल्या.

दुरै आत गेला, बाहेर आला, मागे वळूनही न पाहता चालू लागला. ड्रम फिरला. पाणी निवळावं तशी वाळू सपाट झाली.

"अय्यो, किती शहाणं!" जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "न सांगतां करतें. करून बोलून दाखवत नाही. ह्या घरांत असं कोणी आलं नव्हतं."

सीतारामरावांनी हे बोलणं यंत्राची स्तुती म्हणूनच घेतलं.

नवरात्र आलं. कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, मांडला गेला. पायऱ्यांवर देव, राजे, दुकान मांडलेला चेट्टियार वाणी आणि त्याची बायको अशा बाहुल्या बसल्या. खाली जयलक्ष्मीबाईंनी नदीची बारीक वाळू पसरून बगीचा केला. त्यात मोहरीचं हिरवं शेत, आरशाचं तळं, तळ्याकाठी मातीची गाय. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवमी उजाडली, आयुधपूजेची.

त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराला गंध, कुंकू, फूल आणि सुट्टी. मिक्सर पुजला गेला, स्कूटर पुजली गेली, सीतारामरावांचा कॉम्प्युटर पुजला गेला. सीतारामराव मागच्या व्हरांड्यात आले तर यंत्र न्हाऊन, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून बसलेलं. तोंडावर झेंडूचा हार आडवा. प्लग काढलेला.

"जया, हे चालू राहूं दे!"

"सगळ्यांत जास्त राबतें तें हेंच. ह्याला विसावा नको?"

"पण दुरैनं काय करायचं?"

"एक दिवस धरूं दे. मी एकादशी धरत नाही?"

दुपारी समोरच्या कनकलता मामी कोलू बघायला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांना काळा चष्मा. पण गल्लीत कोणाचा कोलू कसा, हे त्यांच्या तोंडून निघे तेच कायम होई. जयलक्ष्मीबाई नऊवारी रेशमी लुगड्यात, हातात सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी घेऊन उभ्या होत्या.

दुरै व्हरांड्यात गेला. हार बघितला. परत आला. आणि मोहरीच्या शेताला वळसा घालून, गाईशेजारी, बारीक वाळूत नीट बसला. नजर दूर, चेहरा अत्यंत गंभीर.

"अय्यो, जया!" कनकलता मामी वाकल्या. "ही मांजराची बाहुली नवी कां? किती भाव आहे तोंडावर! जणू संसार सोडलाय."

सीतारामरावांनी डोळे मिटले. जयलक्ष्मीबाईंनी पदर सारखा केला.

"नवीच, मामी. पनरुट्टीच्या बाहुलीवाल्यांकडची."

"मान हलली हिची!"

"तंजावूरला मान हलणारच, मामी. आपल्या बाहुल्यांची ख्यातीच ती."

"आणि शेपूट?"

"नवं मॉडेल. सुंडल घ्या नं, निवतें आहे."

मामी सुंडलकडे वळल्या. दुरैनं काम उरकलं, वाळू ओढून नीट झाकली आणि निघून गेला. जयलक्ष्मीबाईंनी केळीच्या पानाचा तुकडा घेतला, वाकल्या, जे होतं ते उचललं. तेवढ्यात पान फाटलं. सीतारामरावांनी ते फाटताना बघितलं. बाई मागच्या दारानं गेल्या आणि लुगड्यासकट न्हाणीघरात शिरल्या.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "वरुणराव, उद्यां सकाळच्या बसनं या. मोठी टोपली आणा."

सीतारामराव त्या रात्री जेवले नाहीत. दुरै त्यांच्या वाटचं दही चाटून पोटावर येऊन झोपला, त्यामुळे तर फारच वाईट वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी वरुणराव हजर. हातात टोपली, टोपलीत मऊ पोतं. सीतारामरावांनी दुरैची ताटली धुऊन, पुसून दाराशी ठेवली होती.

"कोठें आहे तो?" वरुणरावांनी विचारलं.

"तो कशाला?" जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "ही वाळू न्या." बगीच्याची सगळी वाळू त्यांनी सुपात भरून ठेवली होती.

"वाळू?"

"यंत्र बंद मी ठेवलं. वाळू मी पसरली. त्यांत त्या बाळाचा काय दोष? मोह ह्या वाळूचा. ती घरांत नको."

"पण वहिनी, मी वाळू नेऊन काय करूं?"

"गोदामांत पसरा. मांजराचा वास आहे तिला. उंदरांना तेवढं पुरे."

वरुणराव टोपली भरून, घाम पुसत, बसस्टँडकडे गेले. दुरैनं खिडकीतून त्यांना निरोप दिला.

सीतारामरावांना आता गप्प बसवत नव्हतं. "आणि जया, ती अट? माणसाचा हात..."

"अट मी घातली. घालणारी तिच्यांत येत नाही," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि हार काढून स्वतः प्लग लावला.

दुरै आत गेला, बाहेर आला. ड्रम सावकाश फिरला. त्याच्यावरचा कुंकवाचा टिळा खाली गेला, आणि थोड्या वेळानं पुन्हा वर आला. जयलक्ष्मीबाईंचे हात आपोआप जोडले गेले.