बापूंचा नंबर नसलेला रुपया

माझ्या चहाला बापू राऊत सत्तरपैकी मार्क देतात. शंभरपैकी नाही, सत्तरपैकी. सकाळी माझ्या ओटीवर येऊन बसायचं, पहिला घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा, "बावन्न. आलं जास्त पडलंय, वयनी." मी चौलला पर्यटकांना दोन खोल्या भाड्यानं देते. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन माझ्या घावनांना, उशांना, नळाच्या पाण्याला फोनवर तारे देत असतातच. उरलेल्या दिवसांना बापू. या वयात रोज परीक्षेला बसायचा मला खरंच कंटाळा आलाय.

बापू माझे शेजारी. मधे फक्त एक दगडी गडगा आणि त्यांची सुपारीची वाडी. माणूस मुळात साधा. हे सत्तरचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते एका रुपयानं.

त्यांच्या देवघरात एक राणीछाप चांदीचा रुपया आहे, पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मी म्हणून पुजलेला. माझ्याकडे उतरलेल्या एका नाणी जमवणाऱ्या गृहस्थानं तो पाहिला आणि म्हणाला, "काका, याचं ग्रेडिंग करून घ्या." म्हणजे नाणं कंपनीकडे पाठवायचं. ते लोक भिंगाखाली तपासतात, सत्तरपैकी नंबर देतात आणि नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. बापूंनी रुपया पाठवला आणि निकालाची वाट बघताना स्वतःसाठीही एक भिंग आणलं. तिथून आमचे हाल सुरू झाले.

"घाईनं बोलू नका, भिंगाखाली बघा," हे त्यांचं पालुपद झालं. देवळाच्या नव्या रंगाला चाळीस. माझ्या पाहुण्यांच्या गाडीला एकसष्ट, "पण दारावर चरा हाय." रेवदंड्याच्या बाजारात तर त्यांनी पापलेटाच्या डोळ्याला भिंग लावलं. कोळीण म्हणाली, "बापू, घ्याचा तं घ्या, न्हाय तं भिंग उचला. माझी मासळी काय लग्नाला उभी न्हाय!" मी शेजारी पिशवी धरून उभी होते. त्या दिवशी आम्हाला बाजारात कुणी धड पापलेट दिलं नाही.

मग रुपया आला. डबीवरच्या चिठ्ठीत नंबराच्या जागी नंबरच नव्हता. 'घासून साफ केलेले' एवढंच लिहिलं होतं. जुनं नाणं घासलं की त्याच्या अंगावर बारीक रेघा उठतात, आणि अशा नाण्याला ती कंपनी नंबर देत नाही. अख्ख्या गावाला मार्क वाटून झाले होते, आणि बापूंचा स्वतःचा रुपया बिननंबरी!

घासणारी कोण, हे विचारायला नकोच. शालूताई, बापूंची बायको. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी न्हाणीच्या चुलीतली राख चाळून घ्यायची आणि रुपया लख्ख घासायचा, हा तिचा नेम. बाई पक्की डावखुरी. हळदीकुंकू तेवढं आठवणीनं उजव्या हातानं, बाकी विळीपासून झाडूपर्यंत सगळा कारभार डाव्यानं.

"शाले, तू वाटोळं केलंस रुपयाचं!" बापू ओरडले ते मला गडग्यापलीकडे ऐकू आलं.

"मग काय काळी लक्ष्मी पुजू? सासूबाईंनी हातात दिली तवापासून घासतेय. तवा कुणी न्हाय बोललं."

त्या दिवाळीला तिनं डबीच पाटावर ठेवली. नुसती फडक्यानं पुसली. मला म्हणाली, "बघा वयनी, आमच्या लक्ष्मीला आता आंघोळ पण न्हाय." हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच गेली, कुणाला काही न सांगता.

त्यानंतर बापूंनी एकच प्रश्न धरला. "वयनी, रुपया परत पाठवू का?" अलिबागच्या एका नाणेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की डबी फोडून दुसऱ्या कंपनीकडे पाठवा, तिथली नजर जरा ढिली आहे, नंबर मिळून जाईल. बापू रोज विचारायचे. मी म्हटलं पाठवा, की त्यांना शंका, "तिथंपण तेच लिवलं तर?" मी म्हटलं नका पाठवू, की तोंड उतरायचं. चहा निवून जायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, विकायचाय का तुम्हाला तो?"

"विकतोय कशाला! नंबर आला तर तिच्यावरचा ठपका जाईल. मी तिला नको ते बोललो."

त्यानंतर मी त्यांच्यावर वैतागले नाही. दमले मात्र तशीच.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते आले ते हातोडी घेऊनच. पायरीवर फडकं पसरून त्यांनी डबीच्या कडेवर नेमके दोन घाव घातले. प्लास्टिक तडकलं, रुपया बाहेर आला. मला वाटलं, सुटले, पाठवतायत एकदाचा. मी कुरियरसाठी पाकीट शोधायला उठले.

"बसा. आधी भिंगाखाली बघा," ते म्हणाले.

मी पाहिलं. राणीच्या गालावर, मुकुटावर केसाहून बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या. मग बापूंनी खिशातून त्यांच्या देवघरातली चांदीची पळी काढली. "ही काल मी घासली, उजव्या हातानं. हिच्या रेघा बघा." त्या उलट्या अंगाला झुकल्या होत्या.

"हा तिचा हात हाय, वयनी," बापू म्हणाले. "ढिल्या नजरेचा माणूस नंबर देईल, व्हय. पण नंबर दिला म्हंजे त्याला ह्या रेघा दिसल्याच न्हायत. मग कशाला हवा तसला नंबर?"

 मला शालूताईची फार आठवण आली. पाकीट तसंच टाकून मी आत गेले, चहा पुन्हा गरम केला आणि कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी घोट घेतला. मार्क दिले नाहीत.

"राख हाय का तुमच्याकडं? आमची चूल पेटत न्हाय आता."

मी न्हाणीतली राख वाटीत चाळून आणून दिली. बापू पायरीवर उकिडवे बसले, रुपया उजव्या तळहातावर घेतला, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं घासायला लागले. सवय नव्हती. रुपया दोनदा निसटून खाली पडला. त्यांनी दोन्ही वेळा तो उचलून कपाळाला लावला आणि पुन्हा डाव्या हातानंच घासायला घेतला.