कांबळेकाकांचा लाल टॅग

कांबळेकाका फुलांना नापास करतात. थट्टा नाही करत मी! आमच्या रावेतच्या सोसायटीमागे टेकाड आहे. तिथे आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी फुलं-पाखरं बघायला जातो. हा माणूस सोनकीपुढे उकिडवा बसतो, खिशातून भिंग काढतो आणि म्हणतो, "एक पाकळी अंडरसाइज. रिजेक्ट!" अहो, सोनकीला कुणी कधी मापांचं ड्रॉइंग दिलं होतं का?

चाकणच्या एका कंपनीत काका तेहतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण खोड जाईल तर शपथ. तेरड्याच्या ताटव्यात शिरून लॉट चेकिंग करतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की, "कस्टमर कंप्लेंट आली, मागे व्हा!" म्हणून आम्हाला चक्क हाकलतात.

माथा फक्त वीस मिनिटांवर आहे. चार वर्षांत आम्ही एकदाही पोचलेलो नाही! कुर्डूच्या तुऱ्यांपाशीच पाऊण तास जातो. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, वरून पवना नदी दिसते म्हणे."

"मॅडम, खालचं तपासल्याशिवाय माल वर जात नाही."

संताप येतो हो अगदी.

त्यात ते टॅग. कंपनीतून आणलेले लाल पुठ्ठ्याचे टॅग. एखादं झाड मनात भरलं की काका सुतळीने त्याला टॅग बांधणार आणि आम्हाला दम देणार, "लाल टॅग म्हणजे इन्स्पेक्टरशिवाय कुणी हात लावायचा नाही!" असेल तुमच्या कंपनीत. टेकाडावरच्या शेळ्यांना वाचता येतं का?

यंदा श्रावण संपताना काकांना खडकाच्या कपारीत कंदीलपुष्प सापडलं. एकच नाजूक वेल, तिला बोटाएवढे हिरवट-जांभळे कंदील लटकलेले. त्या दिवशी काकांनी भिंग काढलंच नाही. हळूच "पास" म्हणाले, टॅग बांधला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एकटेच तिकडे जायला लागले.

आता माझा पराक्रम ऐका. मी सोसायटीची सेक्रेटरी. गाजरगवताने निम्मी सोसायटी शिंकत होती, म्हणून गणपतीआधी टेकाडाचा उतार साफ करायचा ठरला. मी स्वतः त्या गवताला लाल फिती बांधत फिरले आणि कामाला आलेल्या माणसांना बजावलं, "लाल दिसेल ते काढायचं. काही ठेवायचं नाही."

"व्हय मॅडम," ते म्हणाले आणि इमानदारीत सगळं काढलं.

संध्याकाळी कचऱ्याच्या ढिगात मला सुतळीसकट लाल टॅग दिसला. कंदील चुरगळलेले. कपारीतून मूळ निघेना म्हणून त्यांनी वेल बुडापासून विळ्याने कापली होती. मी दोन कंदील सरळ करून पाहिले. आणि मग राग आला, तोही काकांचाच! सगळं जग यांची कंपनी आहे का? टॅग उचलला आणि तणतणत त्यांच्या दारात गेले.

"काका, लाल म्हणजे काढायचं! शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

काकांनी टॅग हातात घेतला. शर्टाच्या टोकाने त्यावरची माती पुसली.

"माणसांची चूक नाही, मॅडम," ते म्हणाले. "कपारीत कंद असेल अजून. स्क्रॅप म्हणायचं नाही. पुढच्या वर्षी बघू." टॅग टेबलावर ठेवून ते वळले. "बसा, चहा टाकतो."

मी बसले. काय करणार! ओट्यावर एकच कप पालथा घातलेला होता. दुसरा शोधायला काका फळ्या धुंडाळत राहिले. मी टॅग उलटा केला. मागे छापील रकाने होते आणि ते काकांच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले होते.

पार्ट: कंदीलपुष्प. नग: एक. दोष: सोबतीला कुणी नाही. कारवाई: रोज येऊन बसणे.

काका दुसरा कप फडक्याने पुसत बाहेर आले. मी टॅग पुन्हा सुलटा करून ठेवला.

"सकाळी किती वाजता जाता?" मी विचारलं.

"साडेसहा. का हो?"

"माझी बेल वाजवायची," मी दरडावलं. "आणि खबरदार, माथ्यावर जायची घाई केलीत तर!"