उलटी छत्री

आमच्या शेजारचे दस्तगीरचाचा छत्री उलटी धरून दूध आणायला निघाले, की मी टीव्ही लावते. दिल्लीत कुणीतरी मोठं माणूस गेलेलं असतं.

उलटी म्हणजे डाव्या काखेत, मूठ पुढे, टोक मागे जमिनीकडे. शोकात फौजी लोक बंदूक अशीच धरतात म्हणे. चाचा मूळचे वळसंगचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बंदूक गेली, छत्री आली, एवढाच काय तो फरक. बरं, सोलापूरचं ऊन ते! माणसं टॉवेल, ओढणी, मिळेल ते डोक्याला गुंडाळतात, आणि हे महाशय काखेत छत्री असून दुखवट्याचे सात दिवस टक्कल भाजून घेतात. "उघडली की शोक मोडला," म्हणतात.

मागे एक मोठे नेते वारले, तेव्हा मी शिकवते त्या शाळेच्या मल्लू शिपायानं झेंडा अर्ध्यापर्यंत चढवला आणि दोरी बांधली. फाटकाबाहेरून आरोळी आली, "थांब! चुकलं!" मुख्याध्यापक हातातला चहा टाकून धावले. बाहेर चाचा.

"आधी पार टोकाला न्यायचा, मंग अर्ध्यावर आणायचा. पयला मान, मंग दुःख. सांजच्याला उतरवताना बी आधी वर!"

मल्लूनं मुकाट्यानं पुन्हा सगळं केलं. संध्याकाळी चाचा तपासायला हजर! हे माझे शेजारी आहेत हे अख्ख्या शाळेला ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाची मात्र त्यांना पुरून उरायच्या. उठा, जेवा, औषध घ्या, सगळे हुकूम त्यांचेच. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"दिल्लीवाल्यांसाठी सात सात दिवस टक्कल भाजता जी. मी मेल्यावर धरणार का छत्री उल्टी?"

"नियमात बसत न्हाय. वरून हुकूम यायला पायजे."

"मग मी देते की हुकूम! आत्ताच घ्या."

"लेखी?"

यावर एक पातेलं जोरात आपटल्याचा आवाज आला.

यंदाच्या उन्हाळ्यात चाची गेल्या. दोन दिवसांच्या दुखण्यात. चाचा रडले नाहीत. आल्यागेल्याला पाणी विचारत राहिले. जनाजा निघाला, तेव्हा छत्री दाराआड खुंटीलाच होती. माझं डोकंच फिरलं. कुठल्या कुठल्या पुढाऱ्यांसाठी सात दिवस, आणि जिनं चाळीस वर्षं भाकरी करून वाढली, तिला काहीच नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दुधाला निघाले. छत्री उलटी. सवयीनं मी टीव्ही लावला. दिल्लीत सगळे ठणठणीत होते. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथंच खुर्चीत बसून रडले. बाई गं, काय काय बोलले होते मी त्यांना मनातल्या मनात.

"काल खांदा द्यायचा हुता," चाचा नंतर म्हणाले. "हात मोकळे पायजेत की."

सात दिवस झाले, पंधरा झाले, महिना उलटला. टक्कल काळंठिक्कर पडलं. शेवटी मी त्यांना फाटकातच अडवलं.

"चाचा, दुखवटा सातच दिवसांचा ना? उघडा आता ती छत्री. चाची असत्या तर किती ओरडल्या असत्या!"

"व्हय, ओरडली असती की." त्यांनी काखेतली छत्री तशीच उलटी, आणखी घट्ट धरली. "शोक करायचा हुकूम तिनं दिल्ता, बेटी. थांबवायचा द्यायचा ऱ्हायला."