सबनीस आणि अडलेला रिपोर्ट

लग्नाच्या पंगतीत तूप वाढायचं राहिलं तर तुम्ही-आम्ही हात आखडून शेजाऱ्याशी गप्पा मारतो. सबनीस उठून मुदपाकखान्यात जातात. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नात हे मी स्वतः पाहिलं. पानात भात होता, वरण होतं, तुपाचा पत्ता नव्हता. सबनीस चौकशी करून आले आणि म्हणाले, "मॅडम, तूप तयार आहे, वाढणारा तयार आहे. पळी मठ्ठेवाल्याने नेलीय." मग खिशातलं पेन काढून त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर पट्ट्या काढल्या. एक भाताची, एक वरणाची, एक तुपाची, आणि सगळ्यांत लांब पळीची. शेजारी बसलेले मुलीचे काका ते बराच वेळ निरखत होते.

"आपण केटरिंगमध्ये का?"

"नाही, वेबसाइट," सबनीस म्हणाले.

हडपसरच्या आयटी पार्कमधली आमची कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळायची. मी टीमची प्रमुख. सबनीस वयाने माझ्याहून मोठे, पदाने लहान, आणि दोन्हींचं त्यांना काही वाटत नसे. वेबसाइट हळू का उघडते ते शोधणं हे त्यांचं काम. त्यासाठी वॉटरफॉल चार्ट नावाचा प्रकार असतो. पान उघडताना मजकूर, चित्रं असं बरंच काही मागवलं जातं. प्रत्येकाची एक आडवी पट्टी, आणि त्या पट्ट्या पायरीपायरीने खाली उतरत जातात. एखादी पट्टी लांबली की समजायचं, घोडं तिथे अडलंय. इतर लोक हा चार्ट संगणकावर बघतात आणि बंद करतात. सबनीस दर सोमवारी तो छापून भिंतीवर चिकटवत, मागच्या सोमवारच्या शेजारी. "एकदा बघून काय कळणार? एखाद्या दिवशी तर मीही वेळेवर येतो," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. सगळे त्यांना मागून धबधबा म्हणत. मीही म्हणत असे.

त्या वर्षी आमच्या गळ्याशी आलं ते एका पॅथॉलॉजी लॅबचं काम. सदाशिव पेठेतली जुनी लॅब, गावभर शाखा. रक्त दिलं की फोनवर लिंक येणार, लिंक दाबली की रिपोर्ट दिसणार, अशी सोय आम्ही करून दिली होती. पण पेशंट तक्रारी करायला लागले. लिंक दाबावी तर पान पांढरंच. आमच्या ऑफिसात मात्र ते झटकन उघडायचं. तसं मी लॅबच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं.

"तुमच्याकडे उघडतं? छान," डॉक्टर म्हणाले. "मग पेशंट तिकडेच पाठवत जातो. चहाचं तेवढं बघा."

काम काढून घेण्याची भाषाही त्यांनी केली. ते गेलं असतं तर आमच्यातले निम्मे लोक रिकामे बसले असते, आणि रिकाम्या लोकांचं कंपनी काय करते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सबनीसांनी एक जुनापुराणा फोन पैदा केला आणि वाघोलीच्या आपल्या घरातून चार्ट काढायला सुरुवात केली. तिकडे नेटवर्क इतकं मरतुकडं की त्यांना फार आनंद झाला. "ऑफिसच्या नेटवर काहीही पळतं हो. कुणीतरी दवाखान्याच्या जिन्यात उभं असतं, फोनवर पांढरं पान. त्याच्या पोटात काय होत असेल?" असं ते ज्याला त्याला ऐकवू लागले. माणसं त्यांना बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली.

आणि एका सोमवारी भिंतच बोलली. पाडव्याच्या सुमाराच्या चार्टमध्ये सगळ्यांत वरची पट्टी बोटभर होती. गणपतीत ती वीतभर झाली, दसऱ्यानंतर कागदाला पुरेना. ती पट्टी फोटोची होती, आणि फोटो गणपतीचा. कुठल्याही पानाची सुरुवात श्रींच्या दर्शनाने झाली पाहिजे, अशी डॉक्टरांची अट होती. ती आमच्या मुलांनी इतक्या भक्तिभावाने पाळली, की फोटो पूर्ण उतरल्याशिवाय खालचा रिपोर्ट दिसतच नसे. त्यात डॉक्टरांच्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतलेला. तो सणासणाला ताजा फोटो काढून जसाच्या तसा चढवत होता.

आता हे डॉक्टरांना सांगणार कोण? मीटिंगमध्ये आम्ही सगळे टेबलाचं लाकूड बघत बसलो. सबनीसच बोलले.

"डॉक्टर, गणपती राहील. पहिला मान त्याचाच. फक्त फोटो भिंतीच्या मापाचा आहे, तो फोनच्या मापाचा करू. आणि रिपोर्टला त्याच्यासाठी थांबवायला नको."

"म्हणजे विघ्न कोण आणतंय म्हणता?"

"पुतण्या," सबनीस म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना ओळखणाऱ्यांचा अजून यावर विश्वास नाही. आमचं काम राहिलं, आणि त्या दिवशी मी ऑफिसला स्वखर्चाने जिलबी दिली.

पुढे महिन्याभरात सबनीसांचं भिंतीकडे जाणं एकदम थांबलं. चार्ट नाही, लिफ्टमधली प्रवचनं नाहीत. मी विचारलं तर आधी काही नाही म्हणाले, मग म्हणाले, "हिच्या छातीत गाठ लागलीय. तुकडा तपासायला दिलाय. आपल्याच लॅबमध्ये." पाठोपाठ म्हणाले, "आम्ही दोघंच आहोत हो, मॅडम." त्यांना मूलबाळ नाही, एवढं मला माहीत होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या फोनवर लिंक आली. आम्ही कँटीनमध्ये समोरासमोर होतो. त्यांनी ती दाबली. चिमुकला गणपती आणि खाली रिपोर्ट, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सबनीसांनी फोन टेबलावर पालथा घातला.

"फार लवकर उघडलं हो," ते म्हणाले. त्यांचा हात फोनवरच होता. "जरा वेळ लागला असता तर बरं झालं असतं. तुम्ही बघता?"

मी बघितलं. नीट दोनदा वाचलं. "सबनीस, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी वहिनींना फोन लावला तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. "अगं, साधी आहे, साधी," एवढं बोलून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, सरळ शर्टाच्या बाहीने.

"तिलाही लिंक आली होती. तिच्याकडेही लगेच उघडलं," ते म्हणाले. "तिने वाचलंच नाही. फोन ओट्यावर पालथा घालून माझ्या फोनची वाट बघत उभी होती."